रक्त लावताना रिअ‍ॅक्शन आली तर पुढे काय? हॉस्पिटलची लेखी पद्धत बसवतेय, मदत हवी

केळीबाग (जळगाव)

मंडळी नमस्कार. जळगावातल्या एका मध्यम खाजगी हॉस्पिटलात मी क्वालिटीचं बघते. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढलीत, तेव्हा रक्त लावणं मला नवं नाही. आता वरून सांगितलंय की रक्त चढवताना रिअ‍ॅक्शनचा संशय आला तर चौकशी कशी करायची याची लेखी पद्धत बसवा. नेटवर तयार मसुदे ढिगाने मिळतात, पण ते सगळे स्वतःची रक्तपेढी असलेल्या मोठ्या हॉस्पिटलांचे. आमच्याकडे पेढी नाही. रक्त गावाच्या दुसऱ्या टोकाहून येतं. कधी वॉर्डबॉय आणतो, बहुतेक वेळा नातेवाईकच.

मला खटकतं ते वेगळंच. आमच्याकडे रिअ‍ॅक्शनचं रजिस्टर आहे आणि ते कोरं आहे. बाळंतपणं, डायलिसिस, सिकलसेलची पोरं, हायवेवरचे अपघात, रक्त रोज लागतं. एवढ्या पिशव्यांत कुणालाच थंडी वाजली नाही, कुणाच्याच अंगावर पित्त उठलं नाही? मी स्वतः वॉर्डात होते, मला हे कसं पटेल? होतं असं की पेशंट कुडकुडायला लागतो, अ‍ॅव्हिल-डेक्सोना (अ‍ॅलर्जीचं औषध आणि स्टेरॉइड) जातं, अंगावर ब्लँकेट पडतं, केस पेपरवर "शिव्हरिंग, ट्रीटेड" लिहिलं जातं आणि पिशवी संपेपर्यंत चालू राहते.

माझा कच्चा मसुदा असा: संशय आला की रक्त आधी बंद. शिरेतली कॅन्युला काढायची नाही, सेट बदलून नवीन सेटने नॉर्मल सलाईन चालू ठेवायचं. ताप, नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन नोंदवायचं. पिशवीवरचं लेबल, क्रॉसमॅचचा (दात्याचं आणि पेशंटचं रक्त जुळतं का त्या तपासणीचा) रिपोर्ट आणि पेशंटच्या मनगटावरचा पट्टा पलंगाजवळ उभं राहून पुन्हा ताडून बघायचा. डॉक्टरांना आणि रक्तपेढीला फोन. मग पिशवी सेटसकट, रक्ताचे नवे नमुने आणि त्यानंतरची पहिली लघवी पेढीत पाठवायची.

अडलंय तीन ठिकाणी. रक्त बंद करायचा अधिकार कुणाचा? रात्री हे सगळं पेढीपर्यंत नेणार कोण? आणि थंडी वाजलेल्या प्रत्येक पेशंटला एवढं सगळं करायचं का?

चार_अंश (धुळे)

धागा काढला ते फार बरं केलंत ताई. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे रिअ‍ॅक्शन कशी पोहोचते ते सांगतो. फोन येतो, "तुमची बाटली खराब निघाली, दुसरी द्या." पिशवी कुठे आहे विचारलं तर ती पिवळ्या डब्यात गेलेली. नमुना मागितला तर म्हणतात, पेशंटला आता बरं वाटतंय. यात आम्ही तपासायचं काय?

म्हणून मसुद्यात पहिली ओळ घाला: लावलेली पिशवी, रिकामी झाली तरी, किमान २४ तास कचऱ्यात जाणार नाही. संशय असेल तर सेट लावलेलाच ठेवून रोलर घट्ट बंद करायचा, टोकाला टोपण लावायचं, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून थंड डब्यातून पाठवायची. पिशवीतल्या उरलेल्या रक्तावरच जंतूंची तपासणी होते. उघडं टोक लोंबकळत आलं तर कल्चरमध्ये जे उगवेल ते रक्तातलं की रिक्षातलं, कसं सांगणार?

नमुना दुसऱ्या हातातून घ्या. एक जांभळी ट्यूब, एक लाल. सुई बारीक नको आणि सिरिंजने जोरात ओढू नका, ट्यूबमध्ये दाबून सोडूही नका. तुमच्याच ओढाताणीत पेशी फुटल्या तर सिरम लाल दिसतं आणि आमची अर्धी रात्र भलत्याच मागे जाते.

आता पेढीत काय होतं. सगळ्यात आधी तीनच गोष्टी बघतो: कागद, रंग आणि कूम्ब्स. कागद म्हणजे मागणीचा फॉर्म, आमचं रजिस्टर, लेबल, सगळं एकमेकांशी जुळतं का. रंग म्हणजे रक्त लावण्याआधीचा नमुना आणि नंतरचा, दोन्ही सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी धरायचे. आधीचं फिकट पिवळं आणि नंतरचं गुलाबी-लाल, तर पेशी शरीरात फुटताहेत. कूम्ब्स म्हणजे डायरेक्ट अँटिग्लोब्युलिन टेस्ट, लाल पेशींना अँटिबॉडी चिकटलीय का ते बघणारी, नंतरच्या जांभळ्या ट्यूबवर. पॉझिटिव्ह आली तर आधीच्या नमुन्यावरही करून बघतो. तिन्ही ठीक असतील तर बहुतेक वेळा जिवावरचं संकट टळलं असं म्हणता येतं, आणि हे सगळं तासाभरात होतं.

एक गोम आहे. चुकीच्या गटाच्या सगळ्या पेशी फुटून गेल्या असतील तर कूम्ब्सही निगेटिव्ह येऊ शकते, कारण अँटिबॉडी चिकटायला पेशीच उरत नाही. अशा वेळी रंग सांगतो.

यातलं काही बिघडलेलं दिसलं की पुढची पायरी: आधीचा, नंतरचा आणि पिशवीतला अशा तिन्ही नमुन्यांचा गट पुन्हा, क्रॉसमॅच आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही नमुन्यांशी पुन्हा, अँटिबॉडी स्क्रीनिंग, पिशवीचं ग्रॅम स्टेन आणि कल्चर. रक्तदात्याचा आणि पेशंटचा जुना नमुना रक्त दिल्यापासून ७ दिवस जपून ठेवणं आम्हाला नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे "आता आधीचा नमुना कुठून आणणार" ही सबब चालत नाही.

भरीत_भाकरी (भुसावळ)

फिजिशियन आहे, थोडं कडू बोलतो. हे सगळं कागदावर छान दिसतं. माझा पेशंट हिमोग्लोबिन ४ घेऊन येतो. नातेवाईक दिवसभर फिरून डोनर गोळा करतात, संध्याकाळी एक पिशवी हाताला लागते. त्याला आधीच मलेरियाचा नाहीतर दुसरा कसला ताप आहे. पिशवी लावल्यावर अर्ध्या तासात ताप १०१. आता तुमच्या पद्धतीप्रमाणे पिशवी बंद, पेढीत परत, दुसरी पिशवी उद्या. तोपर्यंत पेशंट रिअ‍ॅक्शनने नाही, अ‍ॅनिमियाने जाईल. तापाच्या रिअ‍ॅक्शन बहुतेक निरुपद्रवी असतात. पॅरासिटामॉल द्या, वेग कमी करा, लक्ष ठेवा. आणि आम्ही सुरुवातीलाच अ‍ॅव्हिल-एफकॉर्लिन (हेही स्टेरॉइडच) देतो, त्यामुळे निम्म्या कटकटी होतच नाहीत.

चार_अंश (धुळे)

डॉक्टर, तापाच्या बहुतेक रिअ‍ॅक्शन निरुपद्रवी असतात हे मान्य. पण त्या निरुपद्रवी होत्या हे तपासणीनंतर कळतं. गट चुकलेलं रक्त, जंतू शिरलेली पिशवी आणि साधी तापाची रिअ‍ॅक्शन, तिघांची सुरुवात थंडी-तापानेच होते. दहाव्या मिनिटाला पलंगाजवळ उभं राहून कुणालाच फरक सांगता येत नाही.

व्याख्याही ठरवून टाका. रक्त लावण्याआधीच्या तापमानापेक्षा १ अंश सेल्सिअसने वाढ आणि ताप ३८ किंवा त्याहून जास्त, तर संशय धरायचा. ही वाढ मोजायची तर आधीचं तापमान लिहिलेलं हवं, आणि बहुतेक केस पेपरवर तेच नसतं. २ अंशांवर उडी, हुडहुडी आणि बीपी खाली, तर जंतूंचा विचार आधी: पेशंटचं ब्लड कल्चर लगेच, अँटिबायोटिक रिपोर्टची वाट न बघता. प्लेटलेटच्या पिशवीत हा धोका जास्त, कारण त्या २० ते २४ अंशांवर ठेवाव्या लागतात.

अ‍ॅव्हिल-एफकॉर्लिन सरसकट दिल्याने रिअ‍ॅक्शन टळतात असा चांगला पुरावा नाही. ज्याला आधी त्रास झालाय त्याला द्या, वाद नाही. सगळ्यांनाच दिलं की एवढंच होतं: आधी सूचना देणारी लक्षणं दबतात, पेशी फुटायच्या त्या फुटतातच.

सिस्टर_बोरी (अमळनेर)

अधिकार कुणाचा, यावर मी बोलते, कारण शिव्या आम्हीच खातो.

फीमेल वॉर्डात शेजारच्या दोन पलंगांवर दोन पाटील. आपल्याकडे अर्धा वॉर्ड पाटील, उरलेला महाजन नाहीतर चौधरी. दोघींना रक्त लागणार होतं. पिशवी लावून पाच-सात मिनिटं झाली असतील, आजी म्हणाल्या, "बाई, मना जीव घाबरी ऱ्हायना, कंबर दुखी ऱ्हायनी." ताप नव्हता, बीपी जेमतेम बदललेलं. ड्यूटीवरच्या सिस्टरने रोलर बंद केला. डॉक्टर फोनवर ओरडले, कुणाला विचारून बंद केलं म्हणून. मग लेबल वाचलं तर पिशवी पलीकडच्या पाटलीणबाईंची. रक्त थोडंच गेलं होतं, आजी सुखरूप घरी गेल्या. हॉस्पिटल कुठलं ते सोडा.

म्हणून माझं स्पष्ट मत: बंद करायचा अधिकार सिस्टरचा, कुणालाही न विचारता. चालू करायचा अधिकार डॉक्टरांचा. हे वाक्य पद्धतीत असंच्या असं लिहा आणि खाली मेडिकल डायरेक्टरची सही घ्या. सही नसेल तर रात्री दोन वाजता कुणी हात लावणार नाही.

आणि "जीव घाबरतोय", "कंबर दुखतेय", "सुई जवळ आग होतेय" हे तिन्ही लक्षणांच्या यादीत घाला. पुस्तकात ते शेवटी असतं, पेशंट मात्र आधी तेच सांगतो. पहिली १५ मिनिटं सिस्टर पलंगाजवळ, थेंब हळू. आजूबाजूला कितीही आरडाओरडा असू द्या.

ओळख पटवायला नाव पुरत नाही. पूर्ण नाव, वय आणि नोंदणी क्रमांक, तिन्ही. आणि पेशंटला "तुम्ही पाटील ना?" असं विचारू नका, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं नाव काय?" विचारा.

क्लोरोफॉर्म (धुळे)

सिस्टर, +१. भूलतज्ज्ञ म्हणून भर घालतो, कारण माझा पेशंट काहीच सांगत नाही. भुलीखाली जीव घाबरत नाही की कंबर दुखत नाही. बीपी पडतं आणि सगळे म्हणतात रक्तस्रावामुळे पडलं, अजून रक्त लावा. म्हणजे दोष असलेल्याच रक्ताचा दुसरा डोस. ऑपरेशन थिएटरसाठी मसुद्यात वेगळा परिच्छेद हवा: कारण न सापडणारी बीपीची घसरण, टाक्यांतून आणि सुयांच्या छिद्रांतून झिरपणारं रक्त, आणि युरोबॅगमध्ये डाळिंबाच्या रसासारखी लघवी. या तिघांपैकी एक दिसलं तरी पिशवी बंद.

लघवी लाल आली की ती फिरवून बघा. खाली पेशी बसल्या आणि वरचं पाणी स्वच्छ झालं तर तो साधा रक्तस्राव, कॅथेटर घालतानाही होतो. फिरवूनही वरचं पाणी लालच राहिलं तर हिमोग्लोबिन उतरतंय. पाच मिनिटांचं काम आहे, पेढीत जायचीही गरज नाही.

बाळंतीणबाईला रक्तस्रावात एकामागून एक पिशव्या जातात, तेव्हा नेमकी कुठली पिशवी हा प्रश्न येतो. आम्ही रिकाम्या पिशव्या एका ट्रेमध्ये, लावल्याची वेळ टाकून, ओळीने ठेवतो.

आणि पिशवी गरम पाण्याच्या टोपात बुडवणं बंद करा हो. हिवाळ्यात अजून चालतं हे. पेशी टोपातच फुटतात, मग रिअ‍ॅक्शन म्हणून पेढीच्या नावाने खडे. डेक्स्ट्रोजच्या लाइनमधून रक्त लावणं त्यातलंच. सोबत फक्त नॉर्मल सलाईन, रिंगर लॅक्टेट (आरएल) सुद्धा नाही. त्यातल्या कॅल्शियमने रक्त गोठतं.

तापीकाठ (चोपडा)

मी डॉक्टर वगैरे नाही, वाचतोय फक्त. विचारू का? मे महिन्यात वडिलांसाठी पिशवी आणायला गेलो होतो. पेढीवाल्यांनी डबा आणलाय का विचारलं, नव्हता. कापडी थैलीत पिशवी घेऊन मोटरसायकलवर निघालो. तुम्हाला माहीतच आहे आपल्याकडचा मे, पारा ४५ च्या पुढे. वाटेत रेल्वेच्या फाटकात अडकलो. पोचल्यावर सिस्टर म्हणाल्या डॉक्टर राउंडवर आहेत, थांबा. पिशवी टेबलावर पडली. वडिलांना रात्री थंडी वाजून ताप आला. ते रक्त माझ्यामुळे खराब झालं का?

चार_अंश (धुळे)

दादा, आज त्याचं उत्तर कुणीही देऊ शकणार नाही, पण डब्याशिवाय पिशवी हातात द्यायलाच नको होती. ते काम देणाऱ्याचं, तुमचं नाही.

लाल पेशींची पिशवी पेढीत २ ते ६ अंशांवर असते. वाहतुकीत १० च्या वर जाऊ नये. थंडाव्यातून बाहेर काढल्यावर ३० मिनिटांत लावायला सुरुवात आणि ४ तासांत संपवायची. लावायची नसेल तर वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवून उपयोग नाही, आणि बर्फाला चिकटवून तर मुळीच नाही. गोठलं की पेशी फुटतात.

केळीबाग ताई, यातूनच तुमच्या फॉर्मला चार रकाने मिळतात: पेढीतून निघाल्याची वेळ, वॉर्डात पोचल्याची वेळ, लावल्याची वेळ, बंद केल्याची वेळ. पेढी बाहेरची असेल तर निम्मी उत्तरं या चार वेळांमध्ये असतात. थर्माकोलचा डबा आणि आइसपॅक हॉस्पिटलचाच ठेवा, वॉर्डबॉय तोच घेऊन जाईल. येताना रक्त आणेल, जाताना रिअ‍ॅक्शनचे नमुने नेईल.

अक्राणी_महल (नंदुरबार)

आत्तापर्यंतची सगळी चर्चा पहिल्या २४ तासांची झाली. आमच्या भागातलं दुखणं त्यानंतर सुरू होतं.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा इकडची सिकलसेलची पोरं. वारंवार रक्त लागतं, कधी नंदुरबारला, कधी शहाद्याला, कधी सीमेपलीकडे गुजरातेत. दर वेळी नवा रक्तदाता, त्यामुळे एबीओ आणि आरएच जुळलं तरी बाकीच्या गटांविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. काही महिन्यांत त्यांचं प्रमाण इतकं घटतं की पुढच्या क्रॉसमॅचमध्ये दिसतच नाहीत. रक्त लावलं जातं, पोरगं हसत घरी जातं. साधारण आठवडाभराने ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, अंग ठणकतं. घरचे म्हणतात सिकलची कळ आली, जवळच्या दवाखान्यातले डॉक्टरही तेच म्हणतात, कारण दिसतंही तसंच. हिमोग्लोबिन बघितलं तर रक्त लावण्याआधी होतं त्याच्याही खाली. मग घाईने आणखी रक्त, आणि काही जणांत त्याने आणखीच फुटतं.

ही उशिराची हिमोलिटिक (पेशी फुटण्याची) रिअ‍ॅक्शन. व्याख्येत २४ तासांपासून २८ दिवसांपर्यंत धरतात. ती पकडायची तर पेशंट घरी जाताना त्याच्या हातात काहीतरी हवं. एक साधं कार्ड: कोणत्या तारखेला, कोणत्या गटाचं, किती पिशव्या, पेढीचं नाव, पिशवीचा नंबर. खाली ठळक: डोळे पिवळे झाले, लघवी लाल-काळी झाली, पुन्हा ताप आला तर हे कार्ड घेऊन या, आणि नवीन रक्त लावण्याआधी कूम्ब्स आणि अँटिबॉडी स्क्रीनिंग करा. अँटिबॉडी सापडली असेल तर तिचं नाव कार्डावर कायमचं. पेढीच्या कॉम्प्युटरात असून फायदा नाही, पोरगं पुढच्या वेळी दुसऱ्याच गावात असतं.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, तपासणीची कार्डं वाटली जातात. रक्त लावल्याची नोंद त्याच्याच सोबत ठेवायची सवय लागली तर बरंच काम होईल. आमच्याकडे पाटलांऐवजी पाडवी, वसावे, पावरा. सिस्टर, तुमचा मुद्दा इथेही तंतोतंत.

भरीत_भाकरी (भुसावळ)

अक्राणी, हे कार्ड मी उद्यापासून देतो. पटलं.

पण दोन शंका. अंगावर नुसत्या गांधी उठल्या तरी पिशवी फेकायची? आणि हे सगळं लिहून ठेवलं, उद्या नातेवाईक वकील घेऊन आले की हाच फॉर्म माझ्या तोंडावर. आधीच दगडं खातोय आपण.

क्लोरोफॉर्म (धुळे)

गांधींना सवलत आहे, आणि ती एकट्या त्यांनाच. फक्त पित्त उठलंय, ताप नाही, बीपी आणि श्वास ठीक, कागद जुळतात, तर पिशवी थांबवायची, अ‍ॅव्हिल द्यायचं, बसलं की तीच पिशवी हळू चालू करता येते, ४ तासांच्या मर्यादेत. नमुने पाठवायची गरज नाही, नोंद मात्र हवी. घरघर, ओठांवर सूज, बीपी खाली, असलं काही सोबत आलं की सवलत संपली, अ‍ॅड्रेनलिन हातात घ्या.

धाप लागली तर मात्र घाईने शिक्का मारू नका. बीपी वाढलेलं, मानेच्या शिरा फुगलेल्या, म्हातारा किंवा किडनीचा पेशंट, लॅसिक्सने (लघवी वाढवणाऱ्या औषधाने) उतरतंय, तर रक्ताचा भार झाला, त्याला टॅको म्हणतात. रक्त लावल्यापासून १२ तासांपर्यंत धरतात. बीपी कमी, ताप, छातीच्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी, लॅसिक्सने फरक नाही, ६ तासांच्या आत, तर ट्रालीचा (रक्तामुळे फुप्फुसांना झालेल्या इजेचा) विचार. उपचार वेगळे आहेत, म्हणून एक्स-रे त्याच वेळी काढा, सकाळी नको.

चार_अंश (धुळे)

वकिलाच्या भीतीबद्दल. देशात हिमोव्हिजिलन्स (रक्ताच्या रिअ‍ॅक्शनची नोंद ठेवणारा) प्रोग्रॅम १० डिसेंबर २०१२ ला सुरू झाला, त्याचं समन्वयाचं काम नोएडाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्सकडे आहे. हॉस्पिटलने नाव नोंदवायचं आणि रिअ‍ॅक्शनचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. माहिती गोपनीय, दोषी शोधायला नाही. रक्ताचा आणि रिअ‍ॅक्शनचा संबंध किती पक्का हेही त्यात लिहायचं असतं: निश्चित, संभाव्य, शक्य, अशी उतरंड. म्हणजे मलेरियाचा ताप असेल तर तसंच लिहायची सोय आहे. कोर्टात मला तरी वाटतं की वेळ टाकून भरलेला फॉर्म डॉक्टरला वाचवतो आणि "शिव्हरिंग, ट्रीटेड" बुडवतो.

आणि पेढीला फोन लगेच का हवा, याची दोन कारणं कुणी लिहिली नाहीत. एक, पिशवी बदलली गेली असेल तर ज्याची ती होती त्या दुसऱ्या पेशंटलाही चुकीची पिशवी लागत असेल, आत्ता, याच क्षणी. सिस्टरांच्या गोष्टीतल्या पलीकडच्या पाटलीणबाई आठवा. म्हणून गोंधळ दिसला की त्या दिवशी इश्यू झालेलं सगळं थांबवायचं. दोन, एका रक्तदात्याच्या रक्तातून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे भाग होतात आणि वेगवेगळ्या हॉस्पिटलांत जातात. जंतूंचा किंवा ट्रालीचा संशय असेल तर त्याच दात्याचे उरलेले भाग आम्हाला अडवून ठेवायचे असतात. तुमचा सकाळी आलेला फोन धुळ्याच्या पेशंटला उशिराचा असतो.

विषय निघालाच आहे म्हणून: सगळ्या "ओ" पिशव्या क्रॉसमॅचला जुळेनाशा झाल्या तर बॉम्बे गट आठवा. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला तोच. नुसत्या पेशींवरून गट काढला तर हा माणूस "ओ" दिसतो, आणि साधं "ओ" रक्त त्याला मारक ठरतं. सिरमची उलटी तपासणी "ओ" पेशींशी केली की उघडा पडतो. रात्री घाईत नेमकी तीच गाळली जाते.

केळीबाग (जळगाव)

सगळ्यांचे आभार. मसुदा असा फिरवलाय.

बंद करायचा अधिकार सिस्टरचा, चालू करायचा डॉक्टरांचा; डायरेक्टरांनी कुरकुर करत का होईना सही केली. प्रत्येक मजल्यावर एक लाल झाकणाचा डबा: सलाईन, नवीन सेट, ट्यूबा, लघवीची डबी, कल्चरची बाटली कुठे मिळेल त्याची चिठ्ठी, फॉर्म, पिशवी बंद करायला झिपची थैली. भिंतीवर एका पानात मराठीत पायऱ्या, मोठ्या अक्षरात. थिएटर आणि लेबर रूमसाठी वेगळं पान. गांधींची सवलत ठेवली, पण रात्री आरएमओने (निवासी डॉक्टरने) स्वतः येऊन बघितल्यावरच. ऑर्डर शीटवर छापलेलं प्रीमेडिकेशन (रक्ताआधी सरसकट द्यायचं अ‍ॅव्हिल-एफकॉर्लिन) खोडलं, यावर दोन कन्सल्टंट रागावलेत, ते बघू. घरी जाताना कार्ड, सिकल आणि थॅलेसेमियाच्या पेशंटपासून सुरुवात.

तपासणीचा खर्च पेशंटच्या बिलात टाकायचा नाही हे मी अडूनच बसले. पैसे पडणार म्हटलं की नातेवाईक नको म्हणतात आणि सिस्टरही फोन करत नाही. रात्री नमुने वॉर्डबॉय नेणार, रिक्षाचे पैसे कॅशमधून, पेढीने फॉर्मच्या दुसऱ्या प्रतीवर वेळ टाकून पोच द्यायची. दर महिन्याला डॉक्टर, मेट्रन आणि पेढीचा एक माणूस बसून आलेले फॉर्म बघणार. फॉर्म आलेच नाहीत तर वॉर्डातल्या कार्डेक्समधून (औषधांच्या नोंदीतून) अ‍ॅव्हिल कुणाला गेलं ते मी काढणार.

सिस्टर_बोरी (अमळनेर)

ताई, ते शेवटचं फार आवडलं. वॉर्डात सांगून ठेवा आधीच, म्हणजे फॉर्म आपोआप येतील. आणि एकदा खोटी रिअ‍ॅक्शन घडवून बघा, नाइटला, रविवारी.

भरीत_भाकरी (भुसावळ)

पान पाठवा ताई, आमच्याकडेही लावतो. प्रीमेडवर मात्र अजून भांडणार आहे.

चार_अंश (धुळे)

मसुदा वाचला. दोन दुरुस्त्या. "किती मिली रक्त गेलं" हा रकाना नाही, तो घाला. पाच मिलीवर थांबलं की दोनशेवर, यावरून आम्हाला आणि किडनीच्या डॉक्टरांना पुढची तयारी कळते. आणि रात्रीचा म्हणून पेढीचा जो नंबर टाकलाय तो ऑफिसचा लँडलाइन वाटतो. पाचनंतर तिथे कुणी नसतं. लॅबमध्ये ड्यूटीवरच्या तंत्रज्ञाकडे असतो तो मोबाइल नंबर त्यांच्याकडून मागून घ्या.

केळीबाग (जळगाव)

लँडलाइनच होता. आत्ता लावून बघितला, नुसता वाजतोय. बदलते.